शंभर ठोक्यांचा जुलूम

मुलास सायकल शिकविण्यापूर्वी ती ताशी किती मैल गेली पाहिजे हे ठरवून मग त्यास तीवर बसविणारा बाप आमच्या पाहण्यात नाही. पियानोच्या बाबतीत मात्र असे बाप पुष्कळ आहेत, आणि त्यांतील एक आम्ही स्वतः आहोत. हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे. पुढे काही कठोर शब्द येणार आहेत. त्यांचा पहिला रोख आमच्याच घराकडे आहे एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे, म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणात दगड टाकल्याचा आळ आम्हांवर येणार नाही.

पनवेलीस आमच्या लहानपणी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे वाद्य म्हणजे पेटी. ती भजनाला, कीर्तनाला, गणेशोत्सवातील पदांना लागे. तिच्या जोडीला तबला असे, आणि लय सांभाळणे हे तबलजीचे काम असे. आज जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून आणि नव्या वसाहतींतून दिवेलागणीच्या सुमारास पियानोचे धडे ऐकू येतात. बहुतेक घरी हे वाद्य विजेवर चालणारे असते. आमच्या घरी मात्र मुंबईच्या एका कुटुंबाकडून घेतलेला जुना लाकडी पियानो आहे. आषाढ-श्रावणात त्याचे लाकूड फुगते, दाबलेली पट्टी वर येण्यास कुरकुर करते, आणि सूर लावावयास मुंबईहून कारागीर आणावा लागतो. तरीही या वाद्याचे आम्हांस कौतुक आहे. विलायती संगीत शिकणे म्हणजे धर्म बुडविणे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्याने जन्मभर शेक्सपिअर शिकवून पोट भरले त्याने शोपॅंकडे पाठ फिरविणे हा कृतघ्नपणा होईल. आमची तक्रार आहे ती या संगीताबरोबर आपण एक समजूत फुकटात घरी आणली आहे तिच्याविषयी. ती समजूत अशी की, प्रत्येक रचनेला एक ठरलेला वेग असतो, तो आकड्यात सांगता येतो, आणि रचना शिकणे म्हणजे हळूहळू त्या आकड्यापर्यंत जाऊन पोहोचणे.

आमच्या धाकट्या कन्येने गतवर्षी शोपॅंचा एक एट्यूड हाती घेतला. एट्यूड म्हणजे नावाप्रमाणे अभ्यासाची चीज. परंतु शोपॅंच्या हातून अभ्यासाच्या चिजाही काव्य होऊन बाहेर पडल्या. दहाव्या क्रमांकाच्या कृतीत असे बारा एट्यूड आहेत. ते १८३३ साली प्रसिद्ध झाले आणि लिस्टला अर्पण केलेले आहेत. त्यांतील तिसरा, ई मेजर या स्वरग्रामातला, शोपॅंने १८३२ साली पॅरिसमध्ये लिहिला, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. ही चाल ऐकण्यास इतकी सोपी आहे की प्रथम ऐकणारा मनुष्य तीस अवघड म्हणणारच नाही. तिची सारी अडचण उजव्या हातात दडलेली आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, म्हणजे पंजातली सर्वांत दुबळी दोन भावंडे, यांनी वरची सुरावट गावयाची. आणि त्याच वेळी त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी खाली साथीचे बारीक स्वर इतके हलके वाजवावयाचे की गाणाऱ्याला त्यांचा धक्काही लागू नये. एकाच हाताने गाणेही करावयाचे आणि साथही! मध्यभागात तर दोन्ही हातांनी सहा-सहा स्वरांच्या अंतरावरील जोडस्वर धावत न्यावयाचे असतात. तेथे चांगल्या चांगल्यांची मनगटे दगडासारखी होतात.

छापील पुस्तकात या रचनेच्या माथ्यावर आकडा आहे शंभर. अष्टमांश स्वराला एक ठोका धरला तर मिनिटास शंभर ठोके, असा त्याचा अर्थ. कन्येच्या शिक्षकांनी तो दाखविला आणि आम्ही तो शिरोधार्य मानला. किंबहुना आम्ही त्यांच्याही पुढे गेलो. प्राध्यापकाला तक्ते करण्याची वाईट खोड असते. आम्ही एक तक्ता केला: पहिल्या आठवड्यात साठ, पुढे दर आठवड्यास चार ठोके वाढवावयाचे, म्हणजे अकराव्या आठवड्यात शंभर, आणि नंतर परीक्षेपर्यंत तीन आठवडे हाती शिल्लक. तक्ता स्वयंपाकघरात लावला. रोज संध्याकाळी मेट्रोनोमचा टक्‌टक्‌ आवाज सुरू होई आणि आम्ही आतल्या खोलीत पेपर तपासता तपासता समाधानाने मान डोलवीत असू. सातव्या आठवड्यात, चौऱ्याऐंशीवर, कन्येचे उजवे मनगट दुखू लागले. आठव्यात तिला भाकरी मोडता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे वाद्यास हात लावू नये असे बजावले. त्या रात्री तिने पियानोचे झाकण लावले ते पाहून आमच्या सौभाग्यवतींनी एकच वाक्य उच्चारले: “तुम्ही तिचे गाणे कधी ऐकलेत का, की नुसते ठोकेच मोजलेत?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि प्रस्तुत लेख हे त्याचे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

सहा आठवड्यांच्या सक्तीच्या रजेत आम्ही त्या आकड्याचा पाठपुरावा केला, आणि जे आढळले ते पाहून आमची आम्हांसच लाज वाटली. ज्या एट्यूडच्या माथ्यावर आज संथ अशा अर्थाची इटालियन सूचना छापलेली असते, त्याच्या पहिल्या हस्तलिखितावर खुद्द शोपॅंने ‘विवाचे’, म्हणजे चपळ, असे लिहिले होते. पुढे त्याने त्यास ‘पण फार नव्हे’ अशी पुस्ती जोडली. छपाईच्या वेळी त्याने सगळेच उलटे करून ‘लेंतो, पण फार नव्हे’ असे केले. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या त्या प्रतिभावान तरुणाने एकाच रचनेच्या चालीबद्दल वर्षभराच्या आत दोनदा मत बदलले! कर्त्याचे मन जेथे एवढे हेलकावे खाते, तेथे आम्ही पनवेलीच्या स्वयंपाकघरात एक आकडा खिळ्याने ठोकून बसलो होतो.

आणखी एक साधा हिशेब आम्ही केला. या रचनेत एकंदर ७७ खंड आहेत, दर खंडात चार अष्टमांश. शंभर ठोक्यांच्या लयीत कोठेही न थांबता वाजविले तर सारी रचना सुमारे तीन मिनिटे पाच सेकंदांत संपते. आता मोठमोठ्या वादकांची ध्वनिमुद्रणे घेऊन घड्याळ लावून पाहा. बहुतेकांना चार मिनिटे किंवा अधिक लागतात. म्हणजे ज्यांच्या वादनाला जगाने मान डोलावली त्यांतील बहुतेकांनी शंभराचा आकडा बाजूस ठेवला आहे. आमच्या तक्त्याने त्या सर्वांस नापास केले असते.

यावर कोणी म्हणेल की, मग आकडा खोटा आहे, त्याकडे पाहूच नये. हेही आम्हांस मान्य नाही. आकडा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. शोपॅंचा शंभर एवढे निश्चित सांगतो की ही चाल वाहती आहे. ती शोकसभेतले भाषण नव्हे. ‘भाव’ म्हणजे रडणे आणि रडणे म्हणजे रेंगाळणे असा जो समज आपल्याकडे व परदेशातही पसरला आहे, त्याच्या भरीस पडून काही वादक ही सुरावट इतकी ओढतात की एक स्वर मरून थंड झाल्यावर दुसरा येतो. येथे वाद्याचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. पेटीत भाता चालू आहे तोवर स्वर जिवंत असतो. पियानोची तार हातोडीने एकदा ठोकली की त्या क्षणापासून तिचा स्वर ओसरू लागतो. त्यास पुन्हा फुगविता येत नाही. शोपॅंच्या आवडीचे पॅरिसचे प्लेयेल पियानो हलक्या पट्टीचे होते आणि त्यांचा स्वर आजच्या मोठ्या मैफिली पियानोंच्या मानाने लवकर विरत असे. त्यांवर ही चाल फार संथ नेली असती तर तिचे तुकडे पडले असते. आजच्या पियानोचा नाद अधिक टिकतो, म्हणून वादकाला थोडे सैल होण्याची मुभा मिळते. वादक पुढे पुढे सावकाश होत गेले याचे हेही एक कारण असावे असे आम्हांस वाटते. म्हणजे लय ही वाद्य पाहून ठरवावयाची गोष्ट झाली. आणि पावसाळ्यात पट्ट्या अडकणाऱ्या आमच्या पियानोची लय हिवाळ्यातल्या त्याच पियानोपेक्षा वेगळी असली तर त्यात गुन्हा काय?

मेट्रोनोम हे यंत्र काही फार पुरातन नाही. त्याची मूळ युक्ती ॲम्स्टरडॅमच्या विंकेल नावाच्या कारागिराची. मेल्त्सेलने ती उचलून १८१५ साली तिचे पेटंट घेतले आणि नाव मिळविले. बेथोव्हनला या यंत्राचे मोठे अप्रूप वाटले आणि त्याने आपल्या सिंफनींना आकडे देऊन टाकले. त्याच्याच एका प्रचंड सोनाटाच्या आकड्यावरून, त्या १३८ वरून, वादकांत अद्याप भांडण चालू आहे. ब्राम्सने या यंत्रावरील आपला अविश्वास उघड बोलून दाखविला. शूमनने तर, बहुधा नकळत, या सगळ्या प्रकाराची उत्तम थट्टा करून ठेवली आहे. त्याच्या जी मायनर सोनाटाच्या पहिल्या भागाच्या आरंभी सूचना आहे ‘शक्य तितके जलद’. आणि तोच भाग शेवटाकडे येतो तेव्हा सूचना येते ‘अधिक जलद’, व त्यानंतर ‘आणखी जलद’! शक्य तितके जलद वाजवून चुकलेल्या मनुष्याने आता काय करावे? आकड्याच्या भक्ताजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही. गाणाऱ्याजवळ आहे: ऐकणाराला वेग वाढल्याचा भास झाला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्रजी शिकविणाऱ्यास चीड आणणारी आणखी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. शोपॅंचा १८४७ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा वॉल्ट्झ इंग्रजीत ‘मिनिट वॉल्ट्झ’ या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे तो शब्द ‘चिमुकला’ या अर्थी आहे, त्याचा उच्चारही निराळा. परंतु लोकांनी त्यास साठ सेकंदांचे मिनिट समजून घेतले आणि तो एका मिनिटात संपविण्याच्या शर्यती लावल्या. धड वाजविला तर त्यास दीड मिनिटाहून अधिक लागते. एका शब्दाचा उच्चार चुकला आणि एका सुंदर रचनेच्या पाठीस चाबूक लागला.

“पण शोपॅंच्या स्वतःच्या पियानोवर मेट्रोनोम असे ना?” असा प्रश्न आमच्या एका विद्वान मित्राने टाकला. होय, त्याच्या शिष्यांनी तसे लिहून ठेवले आहे. त्याच शिष्यांनी असेही सांगितले आहे की डावा हात हा वाद्यवृंदाचा नायक आहे, तो हलता कामा नये, आणि उजवा हात त्याच्यावर मोकळेपणाने गाऊ शकतो, अशी त्याची शिकवण होती. ‘रुबाटो’ म्हणून ज्याचा इतका गवगवा होतो ते हेच. आणि हे वाचून आम्ही पुस्तक मिटले व स्वतःशी हसलो. कारण हे आपणांस कोणी शिकवावयास हवे होते काय? तबलजीचा ठेका जागच्या जागी चालला आहे, आणि गवई त्याच्या थोडा मागे, थोडा पुढे, खेळत जाऊन समेवर बरोबर येऊन बसतो, हे ज्या मुलांनी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकले, त्यांची मुले आज पियानोवर बसली म्हणजे दोन्ही हात यंत्राच्या टक्‌टकीला बांधून का घेतात? शोपॅंचा मेट्रोनोम ठेक्याची शिस्त लावीत असावा. दर आठवड्यास चार ठोके वाढविण्याचा धंदा तो करीत असेल असे आम्हांस वाटत नाही. आपल्या शिष्यांस तो इटालियन गायक ऐकावयास पाठवी. पियानो वाजवावयाचा तर गायला शिका, हे त्याचे म्हणणे होते.

आपल्याकडे पेटीवाल्याची सर्वांत मोठी स्तुती म्हणजे त्याच्या हातात गायकी अंग आहे, ही. गोविंदराव टेंब्यांच्या पेटीबद्दल जुने लोक बोलत ते याच भाषेत. लयीबद्दलही आपली रीत अशीच होती. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या, मात्रा आणि मात्रा मोजून लिहिली. परंतु बंदिशीच्या डोक्यावर ‘विलंबित’ किंवा ‘मध्यलय’ एवढेच लिहिले, मिनिटाचे ठोके लिहिले नाहीत. हा निष्काळजीपणा म्हणावा काय? भातखंडे वकील होते. निष्काळजीपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. मध्यलय म्हणजे कोणाची मध्यलय, हे गाणाऱ्याच्या श्वासावर आणि बंदिशीच्या शब्दांवर सोडणे त्यांस योग्य वाटले असावे. जयपूर घराण्याचा ख्याल घ्या. मोगूबाई कुर्डीकर विलंबित गात तेव्हा त्रितालाची प्रत्येक मात्रा ऐकणाराच्या हाताशी असे. अमीर खाँसाहेब झुमऱ्यात गात तेव्हा एका मात्रेपासून दुसरीपर्यंत जाण्यास अवकाश लागे. आकड्यात पाहिले तर दोन्ही लयी एकमेकींपासून कोसभर दूर. पण दोन्ही खऱ्या, कारण त्या अवकाशात काय भरावयाचे ते त्या त्या गळ्याला ठाऊक होते.

मात्र आपणही फार मिशीला पीळ देऊ नये. भरावयास काही नसताना मात्रा ताणीत बसणारे गवई आणि टाळ्यांसाठी द्रुत ताना व झाल्याचा धडाका लावणारे वादक आपल्या महोत्सवांतही दिसतात, आणि आपणच त्यांस टाळ्या देतो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीपर्यंत तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. त्यात बसावे म्हणून पदे आखडती घेतली जात, आणि ऐकणारे तीच लय खरी मानीत. आज खिशातल्या फोनवर हव्या त्या वादकाचे वादन मिळते. त्यामुळे रचना हाती घेण्यापूर्वीच मुलाच्या कानात दुसऱ्या कोणाचा वेग जाऊन बसतो. तो वेग ज्याचा आहे त्याने तो वीस-वीस वर्षांच्या मेहनतीने मिळविलेला असतो. आमच्या मुलाने तो पंधरा दिवसांत उसना घ्यावा अशी आमची इच्छा असते.

आता विरोधी पक्षाचा खरा आक्षेप. ते म्हणतील, प्रत्येकाने आपल्या मनाची लय धरावयाची म्हटल्यावर परीक्षकाने काय मोजावे, आणि आळशी मुलाने ‘माझ्या श्वासाची लय अशीच आहे’ असे सांगितले तर त्यास काय उत्तर द्यावे? आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर आम्हांस कन्येनेच दिले, आणि तेही हात न लावता. रजेच्या तिसऱ्या आठवड्यात ती खिडकीशी बसून तीच सुरावट गुणगुणत होती. आम्ही जवळ जाऊन बसलो. या वेळी तक्ता नव्हता, घड्याळ तेवढे होते. एका श्वासात पहिले वाक्य पुरे म्हणावयाचे, श्वास तोडावयाचा नाही आणि घाईही करावयाची नाही, असे ठरवून तिने ते पाच-सहा वेळा म्हटले. दर वेळी लय सत्तर आणि ऐंशी यांच्या दरम्यान पडली. साठाला श्वास पुरेना. शंभराला वाक्य धापा टाकू लागले. मग मधल्या भागातील जोडस्वरांचा सर्वांत दाट खंड तिने मनगट बरे झाल्यावर सैल हाताने, प्रत्येक स्वर स्पष्ट येईल एवढ्याच गतीने वाजविला. तेथे शोपॅंची सूचना किंचित अधिक चैतन्य आणावयाची आहे, म्हणजे आरंभाच्या लयीपेक्षा तो भाग थोडा पुढे गेला पाहिजे. तो दाट खंड तिच्या हातून आज जेमतेम बहात्तराला स्वच्छ येतो. म्हणजे गळा म्हणतो सत्तर ते ऐंशी. हात म्हणतो आज बहात्तरच्या वर नको. रचना म्हणते मधला भाग आरंभाहून थोडा चपळ हवा. या तिघांत तडजोड काढावयाची तर आज आरंभ सत्तराच्या आसपास. आळशी मुलास या कसोटीतून पळ काढता येत नाही, कारण त्याचा श्वास आणि त्याचे दाट खंड त्यास लगेच उघडे पाडतात. परीक्षकानेही हेच पाहावे: सुरावट एका श्वासाची वाटते की नाही, खालची साथ तिच्या अंगावर येते की नाही, दाट जागी स्वर गिळले जातात की नाही. एवढे पाहिल्यावर मेट्रोनोमकडे पाहावयास त्यास वेळच उरणार नाही.

शिक्षकांस आम्ही हे सर्व सांगितले. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमचे खरे असेल, पण सत्तरावर गुण कमी पडतील.” पडतील तर पडोत. आमच्या व्यवसायात आम्ही इतक्या मुलांस इतके निरर्थक गुण दिले आहेत की घरात थोडे कमी आले तर हिशेब कोठेतरी बरोबर होईल. स्वयंपाकघरातला तक्ता काढून टाकला आहे. त्याच्या पाठीमागची कोरी बाजू वाणसामानाच्या यादीस उपयोगी पडली. परीक्षा आता पुढील सत्रात द्यावयाची असे ठरले आहे. तोवर पावसाळा सरेल, पट्ट्या मोकळ्या होतील, कारागीर येऊन सूर लावून जाईल. मधल्या भागातले चार खंड अजून नीट बसावयाचे आहेत, आणि कन्या रोज संध्याकाळी आधी पाच मिनिटे ते गाते, मग झाकण उघडते.